इस्पिकचा एकटा राजा

१

रिकामं खोकं उचलताना पंचबाईंच्या हातात ते उलटं झालं आणि तळाची चिकटपट्टी दिसली. वरची पट्टी त्यांनी स्वतः लावलेली होती, पिवळट, वर त्यांची आडवी सही. तळाची मात्र कोरी करकरीत होती. तिच्याखालून जुन्या पट्टीचा कापलेला काठ डोकावत होता.

त्या मटकन खुर्चीत बसल्या.

बाहेर हॉलमध्ये टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. लोक खुर्च्यांवरून उठून एका म्हाताऱ्या माणसाकडे बघत होते आणि तो माणूस आपला चष्मा रुमालाने पुसत होता. असा शेवट त्या हॉलने पाहिला नव्हता. पंचबाईंनीही नाही. एरवी त्या दातांच्या डॉक्टर. सुटी आली की दवाखाना बंद करून ब्रिजच्या स्पर्धांना पंच म्हणून उभ्या राहायच्या. इतक्या वर्षांत हजारो डाव डोळ्यांखालून गेले, पण मघाच्या त्या एका पानाने त्यांच्या अंगावर काटा आला होता.

आणि आता हे खोकं. सकाळी त्यांनी वरची सही तपासली, वरची पट्टी कापली, बोर्ड बाहेर काढले. खोक्याला तळही असतो हे डोक्यातच आलं नाही.

दार ढकलून वकीलबाई आत आल्या. हरलेल्या संघाच्या कॅप्टन. चेहरा दगडासारखा.

"पंचबाई, मला तक्रार द्यायची आहे. मघाशी तो पत्ता पडला ना, तो पानं माहीत असल्याशिवाय कुणी टाकत नाही." त्यांची नजर खोक्याच्या तळावर गेली आणि तिथेच थांबली. "म्हणजे मी म्हणते तेच झालंय तर."

२

या खेळाची एक गंमत आहे, आणि ती कळली की माणूस त्याच्यापुढे नतमस्तकच होतो. घरी पत्ते खेळताना हरलं तर नशिबाला बोल लावता येतो. इथे ती सोय नाही. पानं एका चपट्या ट्रेमध्ये चार खणांत ठेवलेली असतात. त्याला बोर्ड म्हणतात. एका टेबलावर डाव खेळला की तीच पानं त्याच खणांत परत जातात, आणि दुसऱ्या टेबलावर दुसरी माणसं नेमक्या त्याच पानांवर खेळतात. तुमच्या हाती काय आलं याला किंमतच नाही. तेच हाती आल्यावर दुसऱ्याने काय केलं, एवढंच मोजायचं.

स्पर्धा मात्र सगळ्या सारख्या नसतात. जोड्यांच्या स्पर्धेत तुमची तुलना अख्ख्या हॉलशी. एक जोडी टेबलावर ठाण मांडून बसते, दुसरी टेबलं बदलत पुढे सरकते, बोर्ड उलट्या दिशेने फिरतात. दुसऱ्यांपेक्षा एक हात जास्त केला तरी तुम्ही सरस. किती जास्त, ते कुणी विचारत नाही. त्यामुळे तिथे एकेका जादा हातासाठी लोक जीव टाकतात. संघांच्या सामन्यात तसं नाही. तुमच्या संघाची एक जोडी या खोलीत, दुसरी त्या खोलीत उलट्या बाजूने, आणि हिशोब फक्त दोन खोल्यांमधल्या फरकाचा. जादा हाताला एखादा गुण मिळतो. पण बोललेली बोली, म्हणजे आधीच सांगितलेला हातांचा आकडा, बुडाली तर दहा-बारा गुण हातचे जातात. म्हणून शहाणा माणूस आधी बोली वाचवतो.

आजचा सामना संघांचा होता, अंतिम. खोक्यात सोळा बोर्ड होते, प्रत्येकाच्या दोन जुळ्या प्रती, यंत्राने वाटलेल्या. खाली हॉलमध्ये वकीलबाई आणि त्यांचा नवरा एका बाजूला. समोर पूलकाका आणि त्यांची धाकटी बहीण बेबीताई. पूलकाकांनी आयुष्यभर नद्यांवर पूल बांधले. निवृत्त झाल्यावर लोक विचारायचे, आता काय? ते म्हणायचे, आता नुसता ब्रिज. बेबीताई सत्तरीला टेकल्या होत्या, तरी बेबीच. माडीवरच्या बंद खोलीत काकांचे जावई आणि त्यांचे भिडू घड्याळवाले, समोर वकीलबाईंच्या संघातली दुसरी जोडी. कुणाला दुसऱ्या खोलीतलं काही कळत नव्हतं. फोन बाहेर ट्रेमध्ये.

शेवटच्या बोर्डात काकांनी तेरापैकी बारा हात करण्याची बोली केली. हुकूम इस्पिक. काकांच्या हाती एक्का-राणी, समोर बेबीताईंनी भिडू म्हणून नियमाप्रमाणे उघडी मांडलेली पानं, त्यांत गुलाम. प्रतिस्पर्ध्यांकडे तीनच इस्पिकं, त्यांत राजा. एक हात दुसरीकडे नक्की जाणार होता, म्हणजे राजाला एकही हात देऊन चालणार नव्हतं. गुलाम खेळायचा, उजवीकडच्याने लहान पान टाकलं की आपणही लहान टाकायचं. राजा उजवीकडे असला तर सापडतो. याला फिनेस म्हणतात आणि नवशिक्यालाही तो येतो. निम्म्या वेळा तो लागतो.

काकांनी गुलाम मागितला. उजवीकडून लहान पान आलं. काका थांबले. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मग त्यांनी शांतपणे एक्का ठेवला.

डावीकडे बसलेल्या वकीलबाईंनी डोळे मिटले आणि पान टाकलं. राजा. एकटा. दुसरं इस्पिक त्यांच्याकडे नव्हतंच.

असा एकटा राजा डावीकडे सापडायची शक्यता सहातून फार तर एकदा. माडीवर नेमक्या याच पानांवर वकीलबाईंच्या माणसाने फिनेस घेतला आणि तो बुडाला. या एका बोर्डाने काकांच्या संघाला सतरा गुण मिळाले आणि दोन गुणांनी सामना मिळाला.

"सहातली एक वेळ," वकीलबाई म्हणाल्या, "आणि नेमकी आजच? खोकं फोडलेलं असताना? पंचबाई, मला त्या माणसाबद्दल आदर आहे. म्हणून हॉलमध्ये न ओरडता इथे आले. पण निकाल जाहीर होण्याआधी तुम्हाला उत्तर द्यावं लागेल."

पंचबाईंना ते पटत होतं, हीच अडचण होती.

३

पूलकाका खिडकीशी बसले होते. पंचबाईंनी सगळं सांगितलं. खोकं, पट्टी, तक्रार.

"काका, मला एवढंच सांगा. फिनेस का नाही घेतलात?"

"फिनेस घेऊन काय मिळणार होतं, डॉक्टर?"

"निम्म्या वेळा बारा हात मिळणार होते."

"ते झालंच. पण मिळणार काय होतं?" त्यांनी चष्मा काढला. डोळे पाणावलेले नव्हते, नुसते धुरकट होते. "हे बघा, मी समजावून सांगितलं तर ती माझी सफाई होईल. तुम्ही शोधून काढलंत तर तो पुरावा होईल. तुम्ही पंच आहात. शोधा."

पंचबाई चिडल्या. बदनामी दाराशी उभी असताना हा माणूस कोडी घालतोय. पण त्या आवाजात भीतीचा मागमूस नव्हता, आणि तेवढ्याने त्यांचा राग निवळला.

बेबीताई मात्र भरभरून बोलल्या. "दादाने पानं बघितली म्हणतायत? अहो, दादाला समोरची पानं धड दिसत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरने हात टेकलेत. ही शेवटची स्पर्धा, पुढच्या वर्षी इस्पिक कोणतं नि किलवर कोणतं तेही दिसायचं नाही. आणि बघितली असती तर नवव्या बोर्डात माती खाल्ली असती का?"

"नवव्यात काय झालं?"

"बदामाची राणी दोघांपैकी कुणाकडेही असू शकत होती. दादाने डावीकडे शोधली, ती बसली होती उजवीकडे. बोली बुडाली. बाराव्यात तेच. मी मनात म्हटलं, संपलं आता. दादा पाणी प्यायला आणि मला म्हणाला, बेबी, आपण चांगलेच मागे आहोत."

"आणि वरची जोडी? जावई आणि घड्याळवाले?"

"त्यांच्या भरवशावर कोण राहणार?" बेबीताई हसल्या. "जावईबापू गुणी माणूस. हिशेबनीस ना, दोनदा कुलूप ओढून बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. पत्तेही तसेच. काल जोड्यांच्या स्पर्धेत दोघे खालून तिसरे आले. नऊ हात बोलले की नऊ करायचे आणि पानं खाली ठेवायची. दहावा समोर लोळत असला तरी उचलायचा नाही. घड्याळवाल्यांनी अक्षरशः डोक्याला हात लावला."

पंचबाई जिना चढू लागल्या. डोक्यात काकांचा प्रश्न घोळत होता. फिनेस घेऊन काय मिळणार होतं?

अर्ध्या जिन्यात त्यांचं पाऊल थबकलं. त्यांनी कठडा घट्ट धरला.

४

काही मिळणार नव्हतं.

माडीवरच्या खोलीतही हीच पानं होती, आणि तिथे बसलेला माणूस कच्चा नव्हता. तोही बाराचीच बोली करणार, तोही फिनेस घेणार, कारण जगात सगळे तोच घेतात. राजा उजवीकडे असला तर दोन्ही खोल्यांत बारा हात, फरक शून्य. डावीकडे असला तर दोन्ही खोल्यांत बोली बुडणार, फरक पुन्हा शून्य. म्हणजे फिनेस लागो वा न लागो, सामना जिथे होता तिथेच राहणार. आणि काकांच्या समजुतीप्रमाणे ते हरत होते.

हरत असलेल्या माणसाला बरोबर खेळून उपयोग नव्हता. त्याला वेगळं खेळायला हवं होतं. साऱ्या डावात वेगळं पान एकच होतं, इस्पिकचा एक्का. ते लागायचं तर पानांची एकच मांडणी हवी, राजा डावीकडे आणि एकटा. काकांनी ती मांडणी पाहिली नव्हती. ती असलीच पाहिजे असं धरून ते चालले होते, कारण दुसऱ्या कुठल्याही जगात त्यांचा संघ हरलेलाच होता.

पंचबाई जिन्यात उभ्याच राहिल्या. डोळे विझत चाललेला एक म्हातारा, भरलेला हॉल, दहा जणांत नऊ जण हसतील असं पान. आणि त्याने ते किती शांतपणे ठेवलं होतं. त्यांना एकदम फार लहान वाटलं, आणि त्या लहानपणाचा आनंदही वाटला. उंच डोंगराखाली उभं राहिल्यावर वाटतो तसा.

शिवाय आणखी एक. पानं माहीत असलेला माणूस नवव्या आणि बाराव्या बोर्डात बुडलाच नसता. बुडला नसता तर मागे पडलो असं त्याला वाटलं नसतं. मागे पडलो असं वाटलं नसतं तर तो एक्का कधीच पडला नसता. ज्या पानावरून त्याला चोर ठरवत होते, ते पानच तो चोर नसल्याची साक्ष देत होतं.

पण खोकं तर फोडलेलं होतं.

दवाखान्यात त्या हे रोज बघत. पेशंट वरच्या दाताकडे बोट दाखवतो आणि किडलेला निघतो खालचा. सगळा हॉल सोळाव्या बोर्डाकडे बोट दाखवत होता. मग किडलेलं काय होतं?

माडीवर घड्याळवाले एकटेच टेबलाशी बसून होते. "डाव आठवतायत?" पंचबाईंनी विचारलं. ब्रिजवाल्यांना हा प्रश्न विचारायचा नसतो. त्यांना बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण सोळा डाव पाठ असतात.

घड्याळवाले एकेक डाव सांगत गेले. पंचबाई ऐकत होत्या. पाचव्या बोर्डाला त्या सावरून बसल्या.

"पुन्हा सांगा. नऊची बोली होती, नऊ हात तयार होते, आणि तरी?"

"तरी जावईबापूंनी दहाव्यासाठी चौकटच्या राणीवर फिनेस घेतला. लागला. चुकला असता तर समोरच्यांनी बदाम धडाधड काढले असते आणि बोली पाण्यात. आज त्यांचा हात भलताच सुटला होता. अकराव्यातही तसंच, चौदाव्यातही."

"तीनदा?"

"तीनदा. आणि तिन्ही वेळा लागलं. शंका आली, पण भिडू आहे ना. मनातल्या मनात गिळली." त्यांनी वर पाहिलं. "पंचबाई, तुमचा चेहरा असा का झाला?"

५

जावई मागच्या व्हरांड्यात उभे होते. पंचबाईंना येताना पाहून त्यांनी उगाचच शर्टाची बाही सारखी केली.

"पाचव्या बोर्डात नऊ हात तयार होते," पंचबाई म्हणाल्या. "दहाव्याच्या मागे का गेलात?"

"अंदाज होता."

"लागला तर एक गुण. चुकला तर दहा जाणार. संघांच्या सामन्यात?"

"कालच्या जोड्यांची सवय राहिली असेल. तिथे जादा हाताला भाव असतो."

"हो. तिथे असतो. म्हणूनच विचारते. काल जिथे जादा हातावर सगळं अवलंबून होतं, तिथे तुम्ही एकदाही धोका घेतला नाहीत. आणि आज, जिथे तो घ्यायचाच नसतो, तिथे तीनदा घेतलात. दोनदा कुलूप ओढून बघणारा माणूस दार सताड उघडं टाकून कधी निघतो? आत चोर नाही हे डोळ्यांनी बघितलेलं असतं तेव्हा."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं, तिकडे जावई बघत राहिले.

"सकाळी मागची खोली उघडीच होती," शेवटी ते म्हणाले. "सगळे चहाला गेले होते. मोठं काही करायचं नाही असं ठरवलं होतं मी. मोठं केलं की नजरेत येतं. एखादा जादा हात कोण बघतो? मला वाटलं, दोन-चार गुणांचा आधार होईल. बाकी ते खेळतीलच. पुढच्या वर्षी त्यांना पानं दिसणार नाहीत, पंचबाई. मला वडील आठवतच नाहीत. या घरात जावई म्हणून आलो, पण त्यांनी मला..." वाक्य तिथेच राहिलं.

"त्यांना हे माहीत आहे?"

"छे. मारलं असतं मला त्यांनी." मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. "शेवटचा बोर्डही मी पाठ केला होता. इस्पिकचा राजा एकटा आहे हे मला माहीत होतं. माडीवर तो माझ्याच हाती होता. फिनेस त्याच्यावर येऊन आपटला तेव्हा मी मनात म्हटलं, खालीही हेच होणार. इथे काही करता येण्यासारखं नाही, कुणालाच नाही. खाली आलो तर लोक उभे. कुणी म्हणालं, काकांनी एक्का टाकला. त्या हॉलमध्ये तो राजा एकटा आहे हे सकाळपासून मला एकट्यालाच माहीत होतं. आणि त्यांना ते माहीत असणं शक्य नाही, हेही मला एकट्यालाच माहीत होतं. लोक टाळ्या वाजवत होते. मी बघून तीन दाणे उचलले आणि त्यांनी न बघता..."

पंचबाईंनी मनात हिशोब केला. सामना दोन गुणांनी जिंकला होता. त्यातले तीन चोरलेले.

"म्हणजे ते काढले तर," त्या म्हणाल्या, "काका एका गुणाने हरतात."

"मला माहीत आहे," जावई म्हणाले. "म्हणून तर इथे उभा आहे. आत जायची हिंमत होत नाही."

६

आत गेल्यावर मात्र सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं. सासऱ्यासमोर उभं राहून, वकीलबाईंच्या देखत, काही न लपवता. बेबीताईंनी पदर तोंडाला लावला. घड्याळवाले जमिनीकडे बघत राहिले.

पूलकाका ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी पंचबाईंकडे मान वळवली.

"निकाल?"

"संघ बाद, काका. विजेतेपद वकीलबाईंचं. जावयांवर बंदी येईल. किती काळ, ते समिती ठरवेल."

"बरोबर आहे." त्यांनी समोरचा चषक दोन्ही हातांनी उचलला, अंदाज घेत दोन पावलं चालले आणि वकीलबाईंपुढे टेबलावर ठेवला. "तुमचा आहे. आधीपासूनच तुमचा होता."

वकीलबाईंनी चषकाला हात लावला नाही. पंचबाईंनी त्यांना जिन्यातला सगळा विचार सांगितला होता.

"मी तुमच्यावर आळ घेतला," त्या म्हणाल्या. "माफी मागते. आणि एक विचारू? मागे आहोत एवढीच खात्री होती. आणखी काहीच नव्हतं?"

"नव्हतं."

"तेवढ्यावर माझ्याच्याने तो एक्का टाकला गेला नसता. कळूनसुद्धा नसता." त्यांनी खुर्ची ओढली. "मांडून दाखवाल? पहिल्या पानापासून?"

काकांनी नकार दिला नाही. बेबीताईंनी सोळावा बोर्ड आणला आणि बावन्न पानं उघडी मांडली. हॉलमध्ये रेंगाळलेले लोक एकेक करून जवळ आले. मागचे खुर्च्यांवर चढले. निकाल कुणीच विचारत नव्हतं. धुरकट डोळ्यांचा म्हातारा पानांना बोट लावत सांगत होता, इथे मला हे कळलं, इथे हे कळणं शक्य नव्हतं, इथे मी ठरवलं. पंचबाई गर्दीत मागे उभ्या होत्या. एवढी माणसं आणि कुणी खोकतसुद्धा नाही, असं त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं. एक्क्यापाशी आल्यावर काका थोडे थांबले, आणि सगळ्यांना शेवट माहीत असूनही सगळ्यांनी श्वास रोखला.

मग लोक पांगले. वकीलबाई चषक घेऊन गेल्या, जाताना वाकून काकांच्या पाया पडल्या. जावई दाराशी भिंतीला टेकून उभे होते, आत यावं की निघून जावं हे न कळून.

पूलकाका दारापर्यंत आले. बाहेर पाच-सात पायऱ्या होत्या आणि उजेड कमी झाला होता. इतकी वर्षं ते जावयाला "अहो" म्हणत आले होते, मानाने, थोड्या अंतराने.

"फार वाईट केलंस," ते म्हणाले. "घरी गेल्यावर बोलू. आता हात दे. मला पायऱ्या दिसत नाहीत, बाळा."